सांगली पासिंगची २०१८ ची स्विफ्ट: बघायला जाताना काय बघू?

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले धागे नुसते वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी लांज्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घर ते शाळा १९ किलोमीटर, आतापर्यंत स्कूटरवर. गेल्या पावसाळ्यात दोनदा घसरले, दुसऱ्या वेळी मनगटाला प्लास्टर. तेव्हाच ठरवलं, आता चारचाकी. लायसन्स मे महिन्यात निघालं.

बजेट साडेचार लाख, फार ताणलं तर पावणेपाच. नवी गाडी नकोच, कारण पहिले सहा महिने ती मी घराच्या गडग्याला घासणार याची मला खात्री आहे.

भावाच्या ओळखीतून एक गाडी आलीय. स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, ऑगस्ट २०१८, पांढरी, एकच मालक, ६१ हजार किलोमीटर, एमएच १० म्हणजे सांगली पासिंग. मागणी पावणेपाच. फोटोत अगदी आरशासारखी दिसते. नवरा म्हणतो, सांगलीची आहे ना, पुरातली असणार, सोड. भाऊ म्हणतो, एवढी चकाचक गाडी पुरातली कशी असेल? मी दोघांच्या मध्ये. रविवारी बघायला जायचंय. मला बॉनेट उघडता येतं, ज्ञान तिथेच संपतं. काय बघू, आणि काय दिसलं तर चहा न घेता परत फिरू?

सिंहगडरोड_स्विफ्ट (पुणे)

अभिनंदन ताई! माझ्याकडे हीच गाडी आहे, २०१९ ची. इंजिन १.२ लिटरचं, दणकट. टायमिंग बेल्ट कधी बदलला असं विचारू नका, यात चेन असते, मालक मनात हसेल.

दोन वस्तू कुठूनतरी मिळवा. एक पेंट मीटर. पत्र्यावर टेकवला की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतो. कंपनीचा रंग शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, पुन्हा मारलेला दोनशेच्या वर, आणि आत लांबी, म्हणजे चेपलेला पत्रा भरायची पुट्टी, भरली असेल तर पाचशे, हजार, काहीही. बंपर प्लास्टिकचे, तिथे तो चालत नाही. दुसरा ओबीडी स्कॅनर. ब्लूटूथचा स्वस्तातला चालेल, मोबाईलला जोडून जुने एरर कोड दिसतात.

शिवाय टायरची तारीख. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११८ म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. स्टेपनीची तारीखही बघा, ती कोणी बदलत नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पुण्याच्या भाऊंनी सांगितलेलं बरोबर आहे. पण ताई, मीटर नसला म्हणून अडून बसू नका. डोळे, नाक आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन जा.

मी चिपळुणात ३२ वर्षं गॅरेज चालवलं. आता मुलगा बघतो, मी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी आत शिरली, तेव्हा माझ्या गॅरेजात सात गाड्या उभ्या होत्या. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ आहे, रंग दिला तरी मी ती ठेवून घेतलीय. तेव्हा पुरातली गाडी म्हणजे काय ते माझ्याकडून समजून घ्या.

आधी तुमच्या यजमानांच्या मुद्द्याबद्दल. सांगलीत ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ ची. २०२१ ला परत पूर. तुमची ही गाडी दोन्ही वेळेला हयात होती, म्हणजे शंका चुकीची नाही. पण पासिंग बघून पूर ओळखता येत नाही हो. आमच्याकडच्या भिजलेल्या गाड्या आमच्याकडे विकल्याच गेल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या पाऊण हिश्श्यावर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते, आणि सांगाडा लिलावात जातो. घेणारा लांबचा. माझ्या डोळ्यांदेखत एकेका ट्रेलरवर चढून त्या गाड्या कुंभार्ली घाटातून वर गेल्या. त्या आता कुठल्या गावात 'एकदम सुपर कंडिशन' म्हणून फिरतायत देव जाणे. म्हणून सांगली आहे म्हणून सोडू नका, आणि उद्या कोणी नागपूर पासिंग दाखवली तर बिनघोर होऊ नका.

मी स्वतः फसलोय, तेही सांगतो. २०२२ च्या अखेरीला जावयासाठी एका शहरातल्या यार्डातून एक सेडान घेतली. बघायला मीच गेलो होतो. इंजिन ऐकलं, मस्त. चालवली, मस्त. आतून कोऱ्या गाडीसारखा वास. तिथेच मी चुकलो. पाच वर्षं वापरातल्या गाडीला कोऱ्या गाडीचा वास कशाने येईल? कार्पेट नवं टाकलेलं होतं म्हणून. सहा महिन्यांनी काचा आपोआप खाली यायला लागल्या. मग ब्रेकच्या एबीएसचा दिवा. मग एअरबॅगचा. डॅशबोर्ड उतरवला तर वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटमध्ये हिरवा गंज, आणि हीटरच्या खोक्यात सुकलेला गाळ, मूठभर. मेकॅनिकच्या घरात ही गाडी आली! बायको अजून पाहुण्यांना सांगते.

पुराचं पाणी इंजिन मारतं ते एकदाच, आणि ते दुरुस्त होतं. पाण्यात सेल्फ मारला की सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड बदला, इंजिन उभं राहतं. वायरिंगचं तसं नाही. तिथे गंज आतल्या आत वर्षानुवर्षं चालू राहतो, आणि एअरबॅगचा कंट्रोल युनिट बसवलेला असतो मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत. म्हणजे पाणी घोट्याएवढं आत आलं तरी पहिला तोच भिजतो.

आता रविवारचं. सकाळी लवकर जा, आणि आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विचारा का.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस रोज दिसणारा भाग धुतो, गुंडाळलेला शेवटचा वीतभर नाही. तिथे तपकिरी डाग किंवा पट्टा कडक झालेला असेल तर तुमचा चहा गेला. बेल्टच्या बुडाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते. गाडी २०१८ ची आणि बेल्ट नंतरचा असेल तर का बदलला ते विचारा.

मग सीट पुढे-मागे सरकवा. खालच्या रुळांवर वरवरचा गंज आपल्याकडे चालतो, खारी हवा आहे. सांगलीच्या कोरड्या हवेतल्या गाडीला मात्र तो नको. सीटखालच्या पिवळ्या सॉकेटकडे टॉर्च मारा, हिरवा गंज दिसतो का बघा. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून कार्पेटखाली बोटं घाला. खालचा फोम ओला, कुबट किंवा वाळूसारखा लागला तर निघा. डिकीत स्टेपनी काढून खळगा बघा. डॅशच्या खाली मान घालून स्क्रूची डोकी बघा, गंजलेली आहेत का, की चकचकीत नवी आहेत. दोन्ही वाईट. दोन्ही हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा.

चावी ऑनवर ठेवा, इंजिन सुरू न करता. एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलाय, आणि ते त्याहून वाईट.

आणि गाडीत सुगंधी डबी टांगलेली असेल तर ती बाहेर काढायला लावा, काचा बंद करून दहा मिनिटं गप्पा मारा, मग दार उघडून पहिला श्वास घ्या. ओल लपत नाही.

अपघाताचं बघायला एक सोपी खूण. बॉनेट आणि फेंडर ज्या बोल्टांनी बसवलेले असतात त्यांच्या डोक्यावर कंपनीचाच रंग असतो. पाना लागला की तो रंग कडेला उडतो. बोल्ट उघडलेला दिसला म्हणजे लगेच गाडी वाईट, असं नाही. पण मालक 'कधीच लागली नाही' म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय, आणि पुढचं सगळं त्या हिशोबाने ऐका.

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

काका, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. नवऱ्याने वाचलं आणि तुमच्या जावयाच्या गाडीपाशी येऊन हसत बसलाय.

दोन प्रश्न. किलोमीटर मागे फिरवलेत का ते कसं कळणार? आणि गाडी चालवताना मला, म्हणजे सहा महिन्यांच्या ड्रायव्हरला, काय कळणार?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

किलोमीटरचा मीटर आता बटणावर फिरतो, त्याच्याकडे बघून उपयोग नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगची डावी-उजवी बाजू बघा, गियरच्या मुठीवरचे आकडे बघा. ६१ हजारांना रबर थोडं गुळगुळीत होतं, पण झिजून खालचा लोखंडी भाग दिसत नाही. आणि मालकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी सगळी बिलं काढायला सांगा. गाडीच्या नंबरावर नोंद असते, प्रत्येक बिलावर तेव्हाचे किलोमीटर असतात. तो काढून देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

चालवायला भावाला द्या, तुम्ही शेजारी बसून ऐका. काचा खाली, गाणी बंद. मोकळ्या रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंगवरचा हात क्षणभर सैल केला तर गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक मारल्यावर ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का? खड्ड्यात टक-टक आवाज म्हणजे सस्पेन्शनमधला लिंक रॉड नाहीतर रबरी बुश, तो खर्च फार नाही, घाबरू नका. क्लचसाठी: गाडी उभी, हँडब्रेक घट्ट, पुढे रस्ता मोकळा, तिसरा गियर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. लगेच इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करा, प्रयोग म्हणून चार वेळा नको.

तांबडी_माती (कुडाळ)

ताई, गाडी चांगली निघो. मी मेकॅनिक नाही, मला गाडी धुण्याचं वेड आहे, म्हणून त्यातलं थोडं, घेतल्यानंतरचं.

फोटोत आरशासारखी दिसते असं लिहिलंत. उन्हात उभी करून तिरकस बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. विकण्याआधी तेलकट पॉलिश मारतात, त्या रेघा महिनाभर बुजतात, दोन-तीन धुण्यांत परत येतात. त्यावरून भाव पाडू नका, सगळ्यांच्या गाडीवर असतात. त्या येतात कशाने? रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकल्याने. आपल्याकडे तर जांभ्याची धूळ, म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. सोसायटीतला, नाहीतर घरचा, कोणीही मायेने रोज गाडी पुसतो आणि रंगाचा बळी घेतो. धूळ दिसली तर दिसू द्या. पुसायचं तर पाणी मारूनच.

धुताना दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी नुसत्या पाण्याने माती पळवा. मग मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली, दर फटक्याला साध्या पाण्यात खळबळून. चाकांना वेगळं कापड, ते परत बॉडीला लावायचं नाही. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून नेतो. तळपत्या उन्हात नको, साबण वाळून डाग पडतात. बस, महिन्यातून दोनदा एवढंच.

आंब्याखाली गाडी लावणार असाल तर चीक आणि पक्ष्यांची घाण, दोन्ही त्याच दिवशी काढा. नखाने खरवडायचं नाही, ओला रुमाल दहा मिनिटं ठेवायचा, मग अलगद उचलायचं.

कोणी दुकानदार सिरॅमिक कोटिंग गळ्यात मारेल. तुमच्या या गाडीला नको. तीन महिन्यांनी एकदा साधं वॅक्स हाताने चोळा, अर्धा दिवस जातो, हात दुखतो, पण पाणी मोत्यासारखं उभं राहतं. आणि तुम्ही गडग्याला घासणारच म्हणालात. घासून झाल्यावर रंगाचं बघू.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

फडक्याचं सोळा आणे खरं. त्यात माझी एक भर. सर्व्हिसिंगला गेलात की पोरगा विचारेल, 'मॅडम, खालून डिझेल मारू का?' नाही म्हणा. चेसिस काळी-तुकतुकीत दिसते, पण डिझेल रबराला खातं. बुश, बूट, सगळी रबरं फुगतात नि फाटतात. पावसाळा संपला की खालून नुसतं साध्या पाण्याने जोरात धुऊन घ्या, मडगार्डच्या आतली माती पूर्ण निघाली पाहिजे, कारण ओली माती धरून बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघायला. काडीने ती मोकळी करा. ती तुंबली की दार आतून कुजतं आणि तुम्ही वरून वॅक्स चोळत बसता. (कुडाळकर, रागावू नका.)

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

जाऊन आले! पहाटे चारला निघालो, आठ वाजता सांगलीत.

बॉनेट गार होतं. मालक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वही बघून म्हणाले, 'बाई, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात का?' म्हटलं, हो, सवयच आहे.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. स्वच्छ, मऊ, तारीख २०१८ ची. कार्पेटखाली फोम कोरडा. स्टेपनीच्या खळग्यात धूळ, पण गाळ नाही. सीटच्या रुळात गंज नाही, भडंग आहे. भरपूर. शेंगदाण्यांसकट. गृहस्थ ओशाळले, नातवाचं काम म्हणाले. एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. घर उंचावर, मिरजेच्या बाजूला, २०१९ ला दारात पाणी आलं नव्हतं असं शेजारच्या दुकानदारानेही सांगितलं (त्याला वेगळं गाठून विचारलं).

पण. बॉनेट उघडून बोल्टांवर टॉर्च मारला, तर उजव्या फेंडरच्या तीन बोल्टांचा रंग उडालेला. बॉनेटच्या बिजागरीचाही एक. आणि दोन हेडलाइटपैकी डावी पिवळट, उजवी काचेसारखी स्वच्छ. भावाच्या मित्राने पेंट मीटर आणला होता. सगळीकडे १०५ ते १२५, उजवा फेंडर २६०, उजवं पुढचं दार २४०. विचारल्यावर गृहस्थ दोन मिनिटं गप्प. मग आत जाऊन बिल घेऊन आले. २०२१ ला ३४ हजार किलोमीटरवर एका टेम्पोने चौकात ठोकलं होतं, विम्यातून काम झालं. म्हणाले, कोणी विचारलंच नाही आतापर्यंत.

टायर चारही ३०१८ आणि ३११८, म्हणजे मूळचेच. बाजूला बारीक भेगा आहेत. सर्व्हिसची बिलं सगळी आहेत, किलोमीटर जुळतात. चालवताना ओढत नाही, डावीकडून खड्ड्यात टक-टक येतो.

आता मला कळत नाहीये. पुरातली नाही म्हणून आनंद करू, की ठोकलेली निघाली म्हणून परत फिरू? चहा मात्र घेतला.

सिंहगडरोड_स्विफ्ट (पुणे)

अपघाती गाडी असेल तर मी सोडली असती. बाजारात स्विफ्टला तोटा नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

थांबा हो पुणेकर. ठोकलेली आणि ठोकलेली यांत फरक आहे.

फेंडर बोल्टांवर असतो. तो काढून नवा बसवणं म्हणजे शर्टाचं बटण बदलणं. दारावर २४० म्हणजे नुसता रंग, लांबी भरलेली नाही, असती तर आकडा कुठच्या कुठे गेला असता. बघायचं ते त्याच्या आत. बॉनेट उघडल्यावर फेंडरच्या आतल्या बाजूला शॉकअपच्या डोक्यापर्यंत जाणारा जो पत्रा असतो, त्याला आम्ही ॲप्रन म्हणतो. त्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. उजवीकडचे आणि डावीकडचे ताडून बघा. ठिपके जसेच्या तसे, पत्र्याला सुरकुती नाही, सीलंटची रेघ दोन्हीकडे सारखी, तर मार आत पोचलेला नाही. तिथे वेडंवाकडं वेल्डिंग दिसलं तर मात्र मीही म्हणेन सोडा. फोटो काढलाय का?

टायरवरून आणखी एक कळतं. मूळचे टायर २०१८ चे, आणि त्यांच्यावर ६१ हजार. पुढच्या चाकांची कोणती तरी एक कड जास्त झिजलीय का? ठोकल्यावर चाकांची बैठक बिघडली असती तर ती ३४ हजारांपासून कड खात आली असती.

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

फोटो काढलेत. भावाने दोन्ही बाजूंचे काढले होते, नशीब. चिकटवतेय. टायरची झीज सारखी आहे, मी नाणं घालून दोन्ही कडांना बघितली.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बघितले. ठिपके कंपनीचे आहेत, दोन्हीकडे जोडीने. उजव्या ॲप्रनला पानासुद्धा लागलेला नाही. घ्या.

पण किंमत पावणेपाच कबूल करू नका. चार टायर त्या मापाचे, १६५/८० आर १४, हातात वीसएक हजार धरा. आणि ते बदलायचेच आहेत, सात वर्षांचं रबर आहे, नक्षी उरली म्हणून काय झालं. डावीकडचा लिंक रॉड, ब्रेक ऑइल, पुढची सर्व्हिस. ब्रेक ऑइल विसरू नका. हवेतलं पाणी ते ओढून घेतं, उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, बिलांत शेवटचं कधी आहे ते बघा. मग हे सगळं कागदावर बेरीज करून त्या गृहस्थांपुढे ठेवा. बँकेतले आहेत, बेरजेशी भांडणार नाहीत. रंग मारलेला आहे त्याचे पाच-दहा हजार वेगळे. मी सव्वाचारवर हात मारला असता.

आरटीओची_पायरी (रत्नागिरी)

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. आरसी नीट वाचलीत का? कर्जाचा बोजा आहे का त्यावर? राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, एमएच १० च राहील. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, गाडीबरोबर येत नाही, ती मालकाची असते. म्हणजे तुमचा हप्ता त्यांच्या पॉलिसीवर दिसतो त्याहून जास्त बसेल, हिशोबात धरा.

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

चार लाख तीस हजारांवर ठरलं! बेरीज बघून गृहस्थ म्हणाले, 'बाई, टायरचे पैसे मी मान्य करतो, लिंक रॉडचे तुम्ही.'

आरसीवर एका बँकेचा बोजा आहे. कर्ज २०२३ ला फिटलं म्हणतात, शेवटच्या हप्त्याची पावती आहे. पाच हजार इसार दिलाय, लिहून घेतलंय. एवढं चालेल ना?

आरटीओची_पायरी (रत्नागिरी)

पावती चालणार नाही. कर्ज फेडलं तरी बोजा आपोआप उतरत नाही, पुष्कळ लोक हेच विसरतात. बोजा उतरवायला बँकेचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागतं. २०२३ चं एनओसी कपाटातून काढून देतील तर घेऊ नका, बँकेतून ताजं आणायला सांगा. ते हातात येईपर्यंत उरलेले पैसे देऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी. आणि गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. त्या सकाळचं चलन त्यांचं, संध्याकाळचं तुमचं.

शाळेच्या_वाटेवर (लांजा)

ते सोमवारी बँकेत जाणार आहेत. स्वतःच म्हणाले, तिथे मला अजून सगळे ओळखतात. शनिवारी गाडी आणायची. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असं यायचं. भाऊ चालवेल, पालीपासून पुढे मी.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

टायर कोल्हापुरातच बदला, त्या जुन्या टायरवर आंबा घाट उतरू नका. ब्रेक ऑइलही तिथेच, अर्ध्या तासाचं काम. घाटात तिसऱ्यावर नाहीतर दुसऱ्यावर उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. आणि निघायच्या आधी ते सीटखालचं भडंग झाडून काढा. घरी आणून तसंच ठेवलंत तर आठ दिवसांत उंदीर आत येतील, भडंग संपलं की वायरिंगला लागतील, आणि मग गाडी माझ्या पोराकडे येईल.